टाक्याभोवतीचा सडा

रुखमाबाईनं दुभती म्हैस विकली आणि त्या पैशांत पावसाचं पाणी साठवायला टाकं बांधलं, ही गोष्ट बोरटोल्यात कितीतरी दिवस चघळली गेली. दूध देऊन पाणी घेणारी बाई कुठे पाहिली आहे का, असं माणसं बाजाराच्या वाटेवर एकमेकांना विचारायची. विचारणारे सगळे पुरुष. त्यांच्या डोक्यावर उभ्या जन्मात घागर बसली नव्हती, तेव्हा त्यांचं हसायला काय जातं म्हणा.

बोरटोला म्हणजे चामोर्शीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवरचं, धान पिकवणारं गाव. गाव बसलंय काळ्या मातीवर. तिला इकडे कन्हार म्हणतात. धानाला ती फार चांगली, पण विहिरीच्या मुळावर उठलेली. गावात विहीर एकच. चैत लागला की तिचं पाणी गढूळ व्हायचं आणि अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आमच्या अखजीच्या, आगेमागे ती साफ आटायची. मग उरायचा गावाखालचा नाला. तोही तोवर कोरडाच, पण त्याच्या रेतीत खोल खड्डा खणून बिनबुडाची टोपली बसवली की तळाशी हळूहळू पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणायचं. एक घागर भरायची म्हणजे भोपळ्याच्या कवटीनं टिपून टिपून पाणी काढायचं, आणि मग ती घागर डोक्यावर घेऊन उभी दरड चढायची.

झिऱ्याची एक रीत होती. चैतात गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून तो खणायचा, ढासळलेली रेती आळीपाळीनं उपसायची, आणि ज्या घरानं खणलं त्या घराला पाणी भरायची पाळी. ज्यानं खणलं नाही त्याला हाकलून देत नसत, तेवढी माणुसकी होती. पण त्यानं सगळ्यांच्या मागून भरायचं. मागून म्हणजे भर दुपारी, खड्ड्याच्या तळाशी नुसता चिखल उरलेला असताना.

रुखमाबाई या झिऱ्यावरच म्हातारी झाली. तिचं माहेर वैनगंगेच्या काठावरचं. तिथं पाणी दाराशी होतं आणि ते कोणी मोजत नव्हतं. बोरटोल्यात लग्न होऊन आली ती थेट दरडीवर. चुंबळीनं घासून घासून तिच्या टाळूवरचे केस गेले होते, आणि पदर सरकला की ती तो घाईनं पुढे ओढायची. बाई तोंडानं फटकळ होती. हिशोबाला पक्की होती आणि एकदा मनात घेतलं की देवाचंही ऐकत नव्हती. पण वाईट नव्हती हो. पुढं जे झालं ते ऐकून तिला नावं ठेवाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तिच्या नवऱ्याचं नाव नानाजी. ऐन उमेदीची वर्षं त्यानं जंगलातल्या एका डाकबंगल्यावर चौकीदारी केली आणि शिडीवरून पडून कंबर मोडल्यावर घरी येऊन बसला. डाकबंगला हा त्याच्या बोलण्याचा एकच विषय. बंगल्याला टिनाचं छप्पर, छपराच्या कडेला पन्हाळ, पन्हाळीखाली दगडी टाकं. साहेब येवो न येवो, टाकं भर उन्हाळ्यात भरलेलं. टाक्याच्या चारी बाजूंनी कर्दळ लावलेली, लाल फुलांची, आणि तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं काम याचं. "असं हलकं पाणी," नानाजी म्हणायचा, "का डाळ एका कढात शिजे." रुखमाबाई चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि म्हणायची, "तुमच्या सायबाच्या बायकोले टक्कल नसन मंग."

आपला मुलुख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैतात रुखमाबाईची सून दरडीवरून पडली. सुनेचं नाव चंदा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, चौथा महिना लागला होता. त्या सकाळी तिला मळमळत होतं, तेव्हा सासू म्हणाली होती, "जा गा पोरी, आमी नाई का गेलो पोटुशी असताना?" चंदा गेली. येताना पाय घसरला. घागर फुटली, आणि तिसऱ्या दिवशी पोटातलंही गेलं.

चंदा सासूला एका शब्दानं बोलली नाही. कामावरून धावत आलेला मुलगा भैयाजीही बोलला नाही, खाली मान घालून जेवला आणि उठला. कोणी काही बोललं असतं तर रुखमाबाईनं दहा उत्तरं दिली असती. कोणी बोललंच नाही, म्हणून तिची झोप उडाली. शेवटी तिनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या बारीले तू हे दरड उतरणार नाईस. माही जबान हाय."

जबान दिली, पण पाणी कुठून आणायचं? भैयाजी उन्हाळाभर लाकूडतोडीच्या कामाला आल्लापल्लीच्या जंगलात असायचा. नानाजीची कंबर अशी. रुखमाबाई स्वतः किती दिवस चढणार? तिनं नवऱ्याला सांगितलं, "आंगनात टाकं बांधाचं."

"बांधाचं कायनं?" नानाजी म्हणाला. "दगड नाल्यातला भेटन, पन चुना फुकट नाई, गवंडी फुकट नाई. अन् गवताच्या छपराचं पाणी पिवळं येते, वास मारते. त्याले कवेलू पायजे."

"म्हैस हाय ना."

"अन् दूध?"

"म्हैस उनाळ्यात पाणी किती पेते, पाह्यलं का कधी? माही अर्धी येरझार तिच्यासाठीच होते. ते गेली का तिचं पाणी वाचलं, अन् तिच्या पैशात आपलं पाणी आलं. दुधावाचून माणूस मरत नाई."

नानाजीनं या हिशोबात खोट शोधून पाहिली. त्याला सापडली नाही. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात बंगल्यातलं टाकं इतकी वर्षं होतंच, त्यामुळे त्यानं फार शोधलीही नाही.

म्हैस गेली. दावणीची दोरी रुखमाबाईनं टाक्याची घागर शेंदायला म्हणून बाजूला ठेवली. चामोर्शीहून गवंडी आला. त्यानं घराच्या भिंतीलगत अंगणात खड्डा घेतला, दगड रचले, चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून आतून गिलावा केला. टाकं अर्ध्याहून जास्त जमिनीत आणि कंबरेइतकं वर. समोरच्या छपरावर गवताच्या जागी कवेलू म्हणजे कौलं आली, कडेला बांबूची पन्हाळ आली. एवढं झाल्यावर नानाजीनं हळूच आठवण दिली, की छपरावर वेल चालायचे नाहीत, पानं कुजून पाणी नासतं. दरसाल रुखमाबाई छपरावर दोडका आणि कोहळं चढवायची. दिवाळीपर्यंत घर त्यावर जेवायचं आणि वर बाजारात चार पैसे व्हायचे. तिनं काढून ठेवलेलं बी जावेला देऊन टाकलं.

"म्हैस गेली, वेल गेले," नानाजी म्हणाला, "टाकं भराच्या आधी घर रिकामं होऊन राह्यलं."

"तुमी गप बसा."

पाऊस लागला. छप्पर धुऊन निघेपर्यंत त्यांनी पाणी वाहू दिलं आणि मग पन्हाळीचं तोंड टाक्यात वळवलं. सावनात टाकं काठोकाठ भरलं. गल्लीतल्या बाया वाकून वाकून आपली तोंडं पाण्यात पाहून गेल्या. रंभा तर दोनदा आली. रंभा म्हणजे शेजारीण, रुखमाबाईहून वयानं लहान. दोघींनी मिळून त्या दरडीवर किती घागरी चढवल्या त्याला गणती नाही. एकीच्या डोक्यावर घागर चढवायला दुसरीचा हात लागायचा. "बाई," रंभा म्हणाली, "उनाळ्यात आमालेबी तांब्याभर देजा."

"देईन ना. अखजीले ये," रुखमाबाई म्हणाली. त्या दिवशी ती खुशीत होती. जी बाई आली तिला ती अखजीचं आवतण देत सुटली.

पाऊस संपल्यावर टाक्यावर सागवानी फळ्या बसल्या, फटी शेणमातीनं लिंपल्या. अखजीपर्यंत झाकण निघणार नाही, असा तिनं घरात कायदाच केला. अखजीला पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. टाक्याचं पहिलं पाणी त्यांचं, मग चंदाचं, मग बाकीच्यांचं. तोवर विहीर होतीच. आणि खरं कारण निराळं होतं. जवळ पाणी असलं की हात मोकळा सुटतो, एकदा झाकण निघालं की पाणी राहणार नाही, हे ती जाणून होती. सुनेला पुन्हा दिवस गेले होते आणि जेठात मोकळी होणार होती. अखजीपासून पावसापर्यंत रोजच्या दोन घागरी, वर बाळंतिणीच्या आंघोळीच्या. तिनं मनाशी सगळं बसवलं होतं. त्यातला एक तांब्याही इकडचा तिकडे व्हायला नको होता.

चैत आला. गल्ली झिरा खणायला निघाली, तेव्हा सुकलूनं दारातून हाक मारली. हा सुकलू गावाच्या टोकाकडून नुकताच या गल्लीत राहायला आला होता, आणि नव्या घराची म्हणून झिऱ्यावर त्याची पाळी रीतीप्रमाणे शेवटची होती.

"रुखमाबाई, येता ना?"

"आमी नाई येत बा," ती म्हणाली. "आमची पाळी तूच घे."

तिच्या बोलण्यात जरा जास्तच ठसका होता. कोणाला आवडलं नाही. पण सुकलूला पुढची पाळी पाहिजेच होती, त्यानं ती घेतली.

चैतभर रुखमाबाईनं विहिरीचं गढूळ पाणी फडक्यानं गाळून घर चालवलं. तेही कमी पडू लागलं तेव्हा तिनं सडा बंद केला. आता सड्याला असं किती पाणी लागतं? पहाटे शेण कालवून अंगणात चार ओंजळी शिंपायचं. गावातलं भुकेकंगाल घरसुद्धा तेवढं करायचं, कारण ज्या दारात सडा नाही त्या दारात कोणी मेलंय असं समजतात. रुखमाबाईनं लोकांच्या समजुतीला मुळी भीक घातली नाही.

चंदाच्या मात्र ते जिवावर आलं. एका सकाळी ती वाटीभर पाणी घेऊन टाक्यापाशी उभी राहिली. "आत्याबाई, सारं आंगन नाई तर नाई. टाक्याच्या भोवताल तरी शिंपतो. बरं दिसत नाई."

"ठेव ते वाटी," सासू म्हणाली. "मातीले पाणी पाजाले बसली का? तुह्या लेकराचं पाणी हाय थे."

चंदानं वाटी ठेवली.

कन्हार उन्हाळ्यात फाटते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बांधावरून चालताना पाय भेगेत जातो. पण ते शेतात. अंगण कधी फाटलेलं कोणी पाहिलं नव्हतं, कारण अंगणाला रोज पहाटे पाणी मिळायचं, पिढ्यानपिढ्या मिळत आलेलं. घराखालची माती ती वेगळी आणि शेतातली ती वेगळी, असंच सगळे धरून चालले होते. त्या चैतात रुखमाबाईच्या अंगणाला पहिल्यांदाच भेगा पडल्या. ती म्हणाली, "ऊन लगित पडून राह्यलं औंदा." आणि खरंच ऊन फार होतं.

टाक्याच्या शेजारीच एक एरंडी होती. सगळ्यांची झाडं करपली, ही मात्र हिरवीगार राहिली, हाताएवढी पानं टाकत सुटली. रुखमाबाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. रोज सकाळी ती टाक्याच्या दगडाला गाल लावायची, दगड थंड लागायचा, आणि तिचा जीवही थंड व्हायचा.

अशातच रंभा आली. तिचा नवरा पोचू तापानं फणफणला होता. झिरा रात्री रानडुकरांनी उकरून नासवला होता, आणि विहिरीचं ते पाणी आजाऱ्याच्या तोंडाला लावायची तिची छाती होत नव्हती. ती हातात पाण्याची लहानशी गुंडी, कळशीहून लहान, घेऊन आली होती.

"बाई, एवढीच गुंडी द्या. मानूस पाणी पाणी करून राह्यला."

रुखमाबाई उठली. टाक्यापर्यंत गेली. लिंपलेल्या फटीवर तिनं हातही ठेवला. मग तिच्या मनात आलं, आज हिला दिलं की उद्या सुकलूची बायको, परवा तिची जाऊ, आणि कोणाला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? तिनं चंदाच्या पोटाकडे पाहिलं.

"झाकन लिंपलं हाय, रंभे. अखजीले ये."

रंभाला वाटलं, बाई थट्टा करते आहे. थट्टा नव्हती हे कळल्यावर ती गुंडी पदराखाली घेऊन निघून गेली. तापलेल्या माणसाला घरी एकटा टाकून ती लांब खालच्या गावापर्यंत पाण्याला गेली. पोचू वाचला, त्याचं आयुष्य होतं. पण त्यानंतर रंभानं रुखमाबाईच्या दारावरून जाताना कधी मान वळवून आत पाहिलं नाही.

अखजीचा दिवस उगवला. आवतण दिलेल्या सगळ्या बाया नव्या घागरी घेऊन अंगणात आल्या. रुसलेली रंभाही आली, पितरांच्या घागरीला चांगलं पाणी कोणाला नको असतं? चंदा आठव्या महिन्याचं पोट सावरत उंबऱ्यात बसली होती. नानाजीनं खुरप्यानं लिंपण फोडलं आणि पहिली फळी सरकवली. आतून ओल्या मातीचा वास आला. रुखमाबाईनं हळदकुंकू लावलेली घागर म्हशीच्या दोरीला बांधली आणि खाली सोडली.

दोरी सुटत गेली, सुटत गेली, आणि घागर दगडावर ठक्कन् वाजली.

रुखमाबाईनं ती वर उचलून पुन्हा सोडली. पुन्हा तसंच. मग नानाजीनं बाकीच्या फळ्या ओढल्या आणि ऊन आत पडलं. तळाशी हिरवट चिखल होता. एका कोपऱ्यातून वरपर्यंत भिंत तडकली होती, त्या फटीत एरंडीची पांढरी मुळं घुसलेली दिसत होती.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाया वाकून पाहत होत्या आणि एकेक करून मागे सरत होत्या. रंभानं आपली घागर कंबरेवर घेतली आणि ती सगळ्यांत आधी निघाली. संध्याकाळपर्यंत गावात असं बोललं जाऊ लागलं, की म्हातारीनं पाणी चोरून कोण्या ठेकेदाराला विकलं. पाणी विकलं नाही, जमिनीत गेलं, हे कोणाला खरं वाटेना.

नानाजी मात्र टाक्याच्या कडेला बसून राहिला. त्यानं जमिनीतल्या भेगेत बोटं घातली, हात मनगटापर्यंत आत गेला. तो म्हणाला, "बंगल्यावर मी त्या कर्दळीले दोन टायम पाणी घालो. मले वाटे, सायबाच्या शोभेसाठी हाय." रुखमाबाईला कळलं, भोवतालची माती ओली राहिली असती तर ती फाटली नसती आणि टाक्याची भिंतही तडकली नसती. चार ओंजळी पाण्याच्या बचतीनं तिनं टाकंभर पाणी जमिनीला पाजलं होतं, आणि सुनेच्या हातातली वाटी तिनं स्वतः खाली ठेवायला लावली होती.

आता काय करायचं? फट बुजवायची तर पुन्हा चुना, पुन्हा गवंडी, आणि विकायला दुसरी म्हैस नव्हती. बुजवली तरी भरायला पाऊस कुठून आणायचा? आणि विहीर तर त्याच आठवड्यात आटली. रुखमाबाईनं चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि दरड उतरली.

झिऱ्यावर कोणी तिला टाकून बोललं नाही. "पाळी संपली का भरा, बाई," एवढंच म्हणाल्या. तिची पाळी सुकलूच्या घराला गेली होती, आणि ती तिनंच दिली होती. सुकलूची बायको भली होती, पण तिच्या घरात सहा तोंडं. ती तरी काय करणार? रुखमाबाई रेतीत बसून राहायची. ऊन डोक्यावर यायचं, एकेक बाई भरून जायची, रंभा जायची. सगळ्या गेल्यावर ही खड्ड्यात उतरायची आणि कवटी लावून बसायची. अर्धी घागर व्हायला दुपार कलायची. ती घागर आपली आपणच डोक्यावर चढवायची. तिला हात लावायला आता कोणी नव्हतं.

चंदा म्हणायची, "आत्याबाई, मी येतो ना. अर्ध्या वाटेवर घेतो तुमच्या डोक्यावरची."

"दरडीकडे पाय जरी केला तर याद राख," रुखमाबाई म्हणायची. टाकं गेलं होतं, निदान जबान तरी राखायची होती तिला. तिच्याजवळ दुसरं उरलंच काय होतं?

वैशाख संपता संपता एका दुपारी ती घागर उतरवून उंबऱ्यातच बसली आणि तशीच आडवी झाली. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. चंदानं आणि नानाजीनं तिला ओढून आत घेतलं, तळपायाला कांदा चोळला. आणलेलं सगळं पाणी तिच्या डोक्यावर आणि घशात गेलं. रात्रभर ती बरळत होती. सकाळी घरात थेंब नव्हता. नानाजी काठी घेऊन शेजारी मागायला निघाला आणि दारातच थबकला. कोणाच्या दारात जाणार होता? रंभाला गुंडीभर पाणी नाकारलेलं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

रुखमाबाईनं डोळे उघडले तेव्हा उजाडून गेलं होतं. तिनं पाणी मागितलं. नानाजी खाली पाहत होता.

"चंदा कुठी हाय?"

तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. घागर नव्हती, चुंबळ नव्हती.

ती कशी उठली आणि दरडीपर्यंत कशी पोचली, ते तिचं तिलाही पुढे सांगता आलं नाही. वरून तिला दिसलं ते एवढंच, की झिऱ्यापाशी बायांनी गोल धरला आहे आणि चारी बाजूंनी लुगड्यांचे पदर ताणून आडोसा केला आहे. ती बसत, घसरत खाली उतरली. मधेच तिच्या कानावर एक बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज आला.

चंदा रेतीवर बाळंत झाली होती. दिवस भरायच्या आधीच. पोरगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी, पण रडत होती. रंभानं नाळ कापली होती. आणि रंभाच आपली भरलेली घागर वाकवून त्या पोरीला आणि तिच्या आईला धूत होती. एक घागर संपली, तिनं सुकलूच्या बायकोची ओढली. मग आणखी एकीची. पहाटेपासून टिपून टिपून भरलेलं गल्लीचं पाणी रेतीत जिरत होतं, आणि पाळी कोणाची, हे कोणी विचारत नव्हतं.

रुखमाबाई चंदाच्या उशाशी बसली. "मी सांगतलं होतं ना तुले," ती म्हणाली. चंदा दमलेली होती. "घरात पाणी नोयतं, आत्याबाई," ती एवढंच बोलली. रुखमाबाईनं तिच्या कपाळावरची रेती पुसली. पोरीला पदरात घेतलं आणि रिकाम्या घागरींकडे पाहिलं. त्या भरायला आता सगळ्यांना दुपार होणार होती.

"रंभे," ती म्हणाली, "तुह्या पाण्याचं कसं करू मी?"

रंभा खड्ड्यात उतरली होती. तिनं कवटी उचलली, तळाचा चिखल बाजूला केला आणि वर न पाहता म्हणाली, "अखजीले देजा, बाई."

तिचा आवाज ना रागाचा होता, ना थट्टेचा. रुखमाबाईला राग सोसला असता.

पोरगी जगली. लहानखुरीच राहिली, पण जगली. टाक्याची फट कधी बुजली नाही. दर पावसाळ्यात बुजवायचं ठरायचं, आणि दर पावसाळ्यात चुन्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी निघायचं. पुढे त्यात गोवऱ्या भरू लागले. छपरावर पुन्हा दोडका चढला. पुढच्या चैतात झिरा खणायला रुखमाबाई सगळ्यांच्या आधी नाल्यात हजर होती, कुदळ घेऊन. गल्लीनं तिला घेतलं, पण रीतीप्रमाणे नव्या घराची पाळी शेवटची, आणि झिऱ्याच्या लेखी आता नवं घर तिचं होतं. हातात जोर होता तोवर ती दर उन्हाळ्यात शेवटचीच भरत राहिली.

त्या पाण्यातून रोज पहाटे ती एक वाटी काढायची, शेण कालवायची आणि गोवऱ्यांनी भरलेल्या त्या टाक्याभोवती सडा घालायची. बाकी अंगण राहिलं तरी चालेल, टाक्याभोवती चुकायची नाही. नात उंबऱ्यात बसून बघायची. चंदानं कितीदा तरी म्हणून पाहिलं, "आत्याबाई, आता कायले? त्यात काय हाय आता?"

"काईच नाई," रुखमाबाई म्हणायची. "तू शिंपत होती तवा शिंपू द्याले पायजे होतं." आणि वाटीत उरलेलं पाणी ती टाक्याच्या कडेच्या भेगेत ओतायची.